हवालदार आणि त्यांचा कर्नल

आष्ट्याला माझी बदली झाली तेव्हा साताऱ्यातल्या आमच्या घरी दोनच काळज्या होत्या. एक म्हणजे तिकडे लोक फार तिखट खातात आणि दुसरी, तिकडे लोक फार तिखट बोलतात. दोन्ही खऱ्या निघाल्या आणि दोन्ही मला एकाच इमारतीत मिळाल्या.

इमारत सांगली रस्त्याला होती. खाली खानावळ, वर लॉजिंगच्या खोल्या, मागे म्हशींचा गोठा. दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात ठसठशीत अक्षरं होती : ‘जानकी भोजनालय व लॉजिंग. येथे लाकूड नाही, रॉकेल नाही, वीज नाही. तरी सर्व सोय आहे.’ मी शाळेत चित्रकला शिकवणारा, त्यामुळे आधी अक्षरांच्या वळणाला नावं ठेवली आणि मग मजकूर वाचला. हातात वळकटी, डोक्यावर ऊन. तोंडातून निघून गेलं, “मग आहे तरी काय?”

“आत या की. दावतो.”

मागे वळून पाहिलं तर खाकी अर्धी चड्डी, पांढरी बंडी आणि भरघोस मिशा असा एक गृहस्थ दोन्ही हात मागे बांधून उभा होता. हेच हवालदार. त्यांचं खरं नाव बाबूराव, पण ते फक्त त्यांच्या लग्नपत्रिकेत छापलं गेलं असावं. फौजेत बरीच वर्षं लंगर सांभाळून, म्हणजे शेकडो जवानांचा स्वयंपाक करून, ते पेन्शनीवर आले होते. हुद्दा सोडून आले, पण आवाज तेवढा बरोबर आणला होता.

माझी वळकटी दारातच ठेवायला लावून त्यांनी मला थेट गोठ्यामागे नेलं. तिथे जमिनीत विहिरीसारखा एक गोल खड्डा आणि त्यात उपडं घातलेलं लोखंडाचं भलंमोठं पिंप होतं. खड्ड्यात शेणकाला कुजायचा, त्याचा गॅस पिंपात साठायचा आणि साठेल तसतसं पिंप वर उचललं जायचं. गॅस वापरला की पुन्हा खाली बसायचं. पिंपाच्या अंगावर चुन्याचे चार पट्टे ओढलेले होते.

“ह्यो आमचा कर्नल,” हवालदार म्हणाले. “ह्यो उठला की एकेक पट्टा भायेर येतो. पयला दिसला की च्या-पानी. दुसरा दिसला की दुपारची जेवणं. तिसरा म्हंजे रातचं जेवण. आन् चौथा दिसला, की सगळ्या खोल्यांत बत्त्या. लावा किती लावायच्या त्या!”

आणि मी पाहत असताना त्यांनी पिंपाला कडक सलाम ठोकला. मला हसू आलं. ते त्यांनी पाहिलं, पण रागावले नाहीत. “हसा मास्तर. पयल्या दिवशी समदे हसत्यात. दुसऱ्या दिवशी जेवत्यात.”

त्या इमारतीत मी पुढे काही वर्षं राहिलो. माणसानं आपल्या घराचं कौतुक किती करावं याला काही सुमार असतो, तो हवालदारांना ठाऊक नव्हता. गिऱ्हाईक पहिला घास तोंडात घालतंय न घालतंय तोच ते विचारायचे, “ही भाकरी कशावर भाजलीया, वळखा बघू?” गॅस निघून गेल्यावर उरलेला काला मागच्या परसात जायचा, तिथली वांगी आणि मेथी खानावळीत यायची, भाज्यांचे देठ आणि टरफलं म्हशींपुढे पडायची आणि म्हशी त्याचं काय करायचं ते करायच्या. हे चक्र ते बोट गोल फिरवून प्रत्येकाला समजावत. ऐकणाऱ्याच्या हातातला घास तसाच राही. शेवटी आतून जानक्कांचा आवाज येई, “आवं, त्येंला गिळू तर द्या!”

गच्चीवर त्यांनी डांबर फासलेली पिंपं ओळीनं मांडली होती. हातपंपानं पाणी वर चढवायचं आणि उन्हानं तापवायचं. बेत उत्तम होता. फक्त पाणी तापायचं दुपारी आणि लोकांना अंघोळ हवी असायची पहाटे. एकदा कराडचा एक कापडवाला पहाटे उठून गरम पाण्यासाठी ओरडायला लागला. हवालदार शांतपणे म्हणाले, “सूर्यनारायण अजून ड्यूटीवर आलं न्हाईत, साहेब. आलं की धाडतो.” कापडवाला गार पाण्यानं अंघोळ करून गेला आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच उतरला. कारण विचारलं तर म्हणाला, “वांग्याची भाजी.”

ही भाजी जानक्कांची. हवालदारांच्या पत्नी. ठेंगणी, काटक बाई. बोलणं मोजकं पण मिरचीसारखं. इमारतीला त्यांचं नाव होतं ते काही नवऱ्याच्या हौसेनं दिलेलं नव्हतं. नवरा फौजेत असताना त्यांनी याच जागी पत्र्याच्या छपरात, तीन दगडांच्या चुलीवर खानावळ सुरू केली आणि एकटीनं चालवली होती. ओली लाकडं, उसाचं चिपाड, तुरकाठ्या, मिळेल ते जाळलं. त्या धुरात त्यांचे डोळे गेल्यातच जमा झाले होते. हवालदार पेन्शनीवर आले तेव्हा समोर कोण उभं आहे ते जानक्कांनी आवाजावरून ओळखलं. मिरजेच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि बजावलं, उरलीसुरली नजर टिकवायची, जमलं तर सुधारायची, तर यापुढे धुरासमोर बसायचं नाही. जानक्का म्हणाल्या, खानावळ तर बंद होणार नाही. ती त्यांची होती, त्यांच्या हाताला होती, आणि ती सोडून नुसतं बसून राहायचं म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं.

हे मला हवालदारांनीच सांगितलं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ते ओसरीवर तांदूळ निवडत बसत. जानक्कांना खडे दिसत नसत म्हणून. या कामाला त्यांनी ‘इन्स्पेक्शन’ असं भारदस्त नाव दिलं होतं. एक दिवस मीही सूप पुढे ओढून बसलो.

“मी मूळचा कवठे महांकाळकडचा, मास्तर,” ते म्हणाले. “आमच्याकडं पाण्यागत जळणाचाबी दुष्काळ. आई पार लांबनं बाभळीच्या काट्यांची मोळी आणायची. मला आईचं तोंड आठवतंय ते मोळीखालचंच. मोळीबिगरचं आठवतच न्हाई बघा.” त्यांनी एक खडा उचलून अंगणात फेकला. “मग बायकूबी धुरातच घालवायची व्हय? मी म्हनलं, फौजेत हजार माणसाला जेवाय घातलंय. एका बाईच्या डोळ्यात धूर जाऊ द्यायचा न्हाई, एवढं जमत न्हाई का मला?”

मग ते पुन्हा तांदळात डोकं घालून बसले. एवढा बढाईखोर माणूस, पण हे सांगताना त्यांनी आवाज अगदी खाली आणला होता. तेव्हापासून त्यांना पिंपाला सलाम करताना पाहून मला हसू आलं नाही.

तसं पाहिलं तर त्या घरात खरा हुद्दा कोणाचा हे संडासाच्या प्रकरणात कळलं. थंडीत शेण नीट कुजत नाही, गॅस कमी पडतो. कर्नलच्या अंगावर कडब्याच्या पेंढ्या आणि जुनी गोधडी घालूनही चौथा पट्टा दिसेना. तेव्हा हवालदारांनी गुपचूप लॉजिंगच्या संडासाचा पाइपही त्या खड्ड्यात सोडला. शास्त्रानं त्यात काही वावगं नव्हतं. गॅस वाढला, हवालदार खूश झाले. आठवडाभरात जानक्कांना पत्ता लागला.

“गॅस गॅसच असतोय गं,” हवालदार समजावू लागले. “इस्तवाला जात न्हाई.”

“मला ठावं हाय. मला इटाळ न्हाई,” जानक्का म्हणाल्या. “पर जेवणाऱ्याला कळल्याबिगर त्येच्या पानाखाली कायबी सरकवायचं न्हाई. सांगा. मग ऱ्हायलं तेवढं गिऱ्हाईक आपलं.”

आणि सांगावं लागलं. हवालदारांनी भर दुपारच्या गर्दीत उभं राहून, लंगरात हुकूम वाचावा तसं ते जाहीर केलं. दोघं-तिघं पानावरून उठले. सांगलीचे एक हळदीचे व्यापारी तर हातही न धुता गेले. गावात आठ-पंधरा दिवस नुसती टवाळी चालली होती. शिक्षकांच्या खोलीत मलाही सोडलं नाही. ‘काय, आज जेवण कुठल्या खात्याचं?’ वगैरे. पण एक दिवस हळदीचे व्यापारी येऊन मुकाट कोपऱ्यातल्या बाकावर बसले. हवालदार काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. “हवालदार, भाषण नको. भाकरी वाढा.”

पण माणसाची खरी पारख झाली ती त्यांच्या मुलीच्या लग्नात.

शोभा त्यांची एकुलती एक. सोयरीक जमली ती कवठे महांकाळकडेच, त्यांच्या जुन्या मुलखात. वरमाय म्हणाल्या होत्या, एवढ्या वऱ्हाडाचं जेवण शेणाच्या गॅसवर कसं होणार? झालं. हवालदारांच्या मिशा फुलल्या. “एक काडी जळणार न्हाई,” त्यांनी शब्द दिला. “खीर, भात, आमटी, चपात्या, समदं कर्नल करंल. तुमी निस्तं या.” मोठ्या शेगड्या बसवल्या, आणखी दोन म्हशी आणून बांधल्या. वैशाखातलं ऊन होतं, पिंप सकाळीच चारही पट्टे दाखवत उभं राहायचं. सगळा बंदोबस्त चोख होता.

इथे आड आला तो त्यांचा फौजी स्वभाव. फौजेत बडा साहेब तपासणीला येणार म्हटलं की आधी सगळीकडे फिनेल. वऱ्हाड म्हणजे हवालदारांच्या लेखी तपासणीच. सोयऱ्यांच्या नाकाला गोठ्याचा वास जाऊ नये म्हणून त्यांनी फिनेलचे डबेच्या डबे आणले आणि दोन-तीन दिवस स्वतः झाडू हातात घेऊन गोठा, मोरी, संडास घासून काढले. गोठा दवाखान्यासारखा चकचकीत झाला. आणि ते सगळं पाणी उतारानं गेलं ते थेट खड्ड्यात, कर्नलच्या पोटात.

शेणातून गॅस करतात ते सूक्ष्म जीव, हे हवालदार भेटेल त्याला सांगत असत. फिनेल कशासाठी असतं हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायचं मात्र त्यांना सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. आम्ही सगळे गोठ्याचं कौतुक करत होतो.

हळदीच्या दिवशी साठा होता तो संपला आणि पिंप खाली बसलं. दुपार झाली तरी उठेना. मी मांडवात आंब्याची तोरणं बांधत होतो. हवालदार मागे-पुढे फेऱ्या मारत होते. नळ्या तपासल्या, शेण कालवून ओतलं. शेवटी जानक्का तिथे आल्या. त्यांना धड दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. बाहेर पडणाऱ्या काल्यात बोट बुडवून त्यांनी ते नाकाशी धरलं.

“आवं,” त्या हळूच म्हणाल्या, “ह्याला फिनेलचा वास मारतोय.”

हवालदार तिथेच उकिडवे बसले.

जानक्का मात्र वेळ घालवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला आणि पाहुण्या बायकांना हाक दिली, “दगड मांडा गं. जळण आणाय लावा. उद्याच्या दिसाचं म्या बघती.” त्या स्वतः चुलीपुढे बसणार हे उघड होतं. मुलीच्या लग्नाची खीर त्या दुसऱ्या कुणाला करू देणार होत्या थोड्याच!

हवालदार उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभे राहिले.

“ह्या घरात लाकूड येणार न्हाई.”

“आवं, येका दिसानं काय हुतंय?”

“येका दिसानं काय हुतंय ते डागदरनं सांगितलंय.”

“लेकीचं लगीन हाय. लोक उपाशी जाऊ देऊ?”

“लोक जेवतील. पर तुज्या डोळ्याच्या बदल्यात न्हाई.”

चारचौघांत नवऱ्यानं बायकोसाठी असं काही बोलायचं म्हणजे त्या काळी गावात लाज वाटण्यासारखी गोष्ट. जानक्का खाली बघू लागल्या. हवालदारांना कशाचीच लाज नव्हती.

मग त्यांनी जे केलं ते मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. लग्नकार्यात चपात्यांसाठी घरोघरी पीठ वाटायची रीत आपल्याकडे आहेच. पण ते पीठ बायका वाटतात, आणि या माणसानं तर कुणाकडून कधी काडेपेटीसुद्धा उसनी घेतली नव्हती. ‘आमाला कुणाचं काय लागत न्हाई’ हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. त्या संध्याकाळी ते डोक्यावर पिठाची पाटी घेऊन गल्लीतल्या प्रत्येक दारात गेले. मागे दुसरी पाटी घेऊन मी. प्रत्येक दारात त्यांनी तेच सांगितलं : “वैनी, माज्या हातनं गॅस मेला. फिनेल म्याच वतलं. उद्या लेकीच्या लग्नाला एवढ्या चपात्या लाटून द्या.” कुठंही आडपडदा ठेवला नाही. ज्यांनी संडासाच्या वेळी टवाळी केली होती त्यांच्याही दारात गेले. एका घरातली म्हातारी म्हणाली, “हवालदार, तुमी मागताय हेच लय झालं. ठेवा पाटी.”

खीर, भात आणि आमटी राहिली. रस्त्यापलीकडच्या मोकळ्या रानात, वारा घराच्या उलट्या दिशेला जाईल असा अंदाज घेऊन त्यांनी चर खणला, त्यावर पातेली चढवली आणि पहाटे स्वतः धुरात उभे राहिले. जानक्कांना वरच्या खोलीत शोभाजवळ बसवलं होतं. पण खिडकी तर होती. तिथून त्यांचे निरोप सुटायचे आणि ते पोहोचवायला मी.

“मास्तर, गूळ कवा घालणार, इचारा त्येंला. गहू शिजल्याबिगर घालू नगा म्हणावं.”

मी रस्ता ओलांडून जायचो. हवालदार धुरात डोळे चोळत म्हणायचे, “तिला सांगा, मी फौजेत...” मी परत यायचो. “फौज ऱ्हाऊ द्या म्हणावं. येलदोडं ताटलीखाली हायती.”

पहिली पंगत बसली. गल्लीतून फडक्यांत बांधलेल्या चपात्यांच्या चवडी आल्या होत्या. कुणाच्या जाड, कुणाच्या पातळ, कुणाच्या करपलेल्या. कुणी पहिला घास घेण्याआधी जानक्कांनी वरून नवऱ्याकडे फक्त तोंड वळवलं. त्यांना काही दिसत असेल असं नाही, पण हवालदारांना हुकूम कळला. धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी ते पंगतीसमोर ताठ उभे राहिले.

“सोयरे मंडळी, म्या शबुद दिला हुता की काडी जळणार न्हाई. शबुद मोडला. ह्यो सैपाक लाकडावर झालाय आन् चपात्या गावानं दिल्यात. चूक माजी. ग्वाड मानून घ्या.”

मग वरमायेनं पानातली चपाती मोडली आणि त्या म्हणाल्या, “इवाई, आमच्याकडं जळणापायी बायकांची काय दशा हुती ती आमाला ठावं हाय. आमची सून चांगल्या घरातनं येतीया. वाढा.”

खीर थोडी करपली होती. सगळ्यांनी दोनदा मागून घेतली.

त्यानंतर कर्नलचं पोट पूर्ण उपसून काढावं लागलं. वाळव्याकडच्या एका शेतकऱ्याकडे असाच खड्डा होता, तिथून बैलगाडीनं मुरलेल्या काल्याची पिंपं आणून विरजणासारखी घातली. पण विरजण लागायलाही काळ जावा लागतो. तोवर हवालदार रोज रस्त्यापलीकडच्या चरावर खानावळीचा स्वयंपाक करत राहिले. आमटी अशी व्हायची की ती शत्रूवर सोडावी. जानक्का चव घेऊन डोळे मिटायच्या आणि आम्ही निमूट जेवायचो. गिऱ्हाईक तुटलं नाही. हळदीचे व्यापारी तर म्हणाले, “शिक्षा आहे, पण भोगू.”

आणि एका सकाळी खालून हवालदारांची शिट्टी ऐकू आली. आम्ही धावत गेलो तर पिंपाचा पहिला पट्टा बाहेर आला होता. जानक्कांनी शेगडीला हळदीकुंकू वाहिलं, काडी ओढली. निळी ज्योत लागली. हवालदारांनी सलाम केला, पण या खेपेला कर्नलला नाही. मी बाजूला उभा होतो म्हणून मला दिसलं. त्यांचं तोंड जानक्कांकडे होतं.

पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. आष्ट्याला जाणं राहत गेलं. गेलो ते दहाएक वर्षं सरता सरता, सांगलीला एका परीक्षेच्या कामासाठी जाताना वाट वाकडी करून. दिवेलागणीची वेळ होती आणि गावातली वीज गेलेली होती. रस्त्याला काळोख, आणि त्यात त्या इमारतीच्या सगळ्या खिडक्यांमध्ये बत्त्या पिवळ्याजर्द पेटलेल्या. निळी अक्षरं पुसट झाली होती. वळण अजून वाईटच होतं, पण मला ती फार आवडली.

दोघं मागच्या ओसरीवर बसली होती. हवालदार वाळले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मी समोर उभा राहिलो तरी त्यांनी मान वर केली नाही.

“मोतीबिंदू हाय त्येंला,” जानक्का म्हणाल्या. “दोनी डोळ्यांत. पिकल्याबिगर काढत न्हाईत म्हणं. या मास्तर, बसा. वाळलासा किती!”

सूप आता जानक्कांच्या मांडीवर होतं. बत्तीच्या उजेडात त्या तांदूळ निवडत होत्या. बोलता बोलता त्यांनी एक खडा चिमटीत पकडला आणि अंगणात टाकला. तो इतका बारीक होता की मला दिसलाही नाही.

मी आवाज दिला तसे हवालदार फुलले. हात चाचपून मला जवळ बसवलं, शाळेची चौकशी केली, गॅसचं चक्र बोट गोल फिरवून पुन्हा एकदा समजावलं. मग एकदम थांबले आणि गोठ्याच्या दिशेनं तोंड केलं.

“अगं, कर्नल काय म्हणतोय?”

जानक्कांनी सूप बाजूला ठेवलं. दूर, अंधुक उजेडात पिंप उभं होतं. डोळ्यांवर हाताची झापड धरून त्यांनी नीट पाहिलं.

“तीन पट्टं दिसत्यात. चौथ्याची कड लागलीया,” त्या म्हणाल्या. “आन् टकुऱ्यावर मांजर बसलंय. कबरं.”

“कबरं?” हवालदारांनी विचारलं. “एवढ्या लांबनं तुला रंग दिसला?”

“व्हय की.”

हवालदार भिंतीला हात लावून सावकाश उठले, बंडी खाली ओढली, आणि जानक्कांचा आवाज आला होता त्या बाजूला तोंड करून त्यांनी सलाम केला.